शून्य कॅलरीचे तेल: ॲव्होकॅडो तेलाच्या फवाऱ्याचे आणि त्याच्या लेबलचे परीक्षण

अमेरिकेतल्या किराणा दुकानांत तेलाच्या बाटल्यांच्या शेजारीच तेलाच्या फवाऱ्यांचे उंच डबे मांडलेले असतात. न्यू जर्सीतील आमच्या स्वयंपाकघरात त्यांपैकी ॲव्होकॅडो तेलाचा १३४ ग्रॅमचा डबा गेले काही महिने नियमित वापरात आहे आणि त्याच्याविषयी ओळखीच्या मराठी घरांतून वारंवार विचारणा होत असते. वस्तू घ्यावी का, हा एक प्रश्न असतो. आणि डब्यावर ‘० कॅलरी, ० ग्रॅम फॅट’ असे छापले आहे ते खरे मानावे का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते, दुसऱ्याला मात्र जागा लागते. म्हणून या परीक्षणात डब्यातल्या तेलापेक्षा डब्यावरच्या आकड्यांविषयी अधिक लिहिले आहे.

आधी वस्तूविषयी. असे फवारे साधारण दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात तेलाबरोबर लेसिथिन (पदार्थ भांड्याला चिकटू नये म्हणून घालतात तो स्निग्ध घटक), फेस रोखणारा पदार्थ आणि तेल बाहेर ढकलणारा वायू एकाच डब्यात भरलेला असतो. दुसऱ्या प्रकारात तेल आतल्या एका पिशवीत असते आणि पिशवीभोवतीच्या दाबाखालील हवेमुळे ते बाहेर येते. आमचा डबा या दुसऱ्या प्रकारचा आहे, त्यामुळे त्याच्या घटकांच्या यादीत तेलाखेरीज दुसरे काहीही नाही. लेसिथिन असलेल्या फवाऱ्याने नॉनस्टिक तव्यावर कालांतराने जो तपकिरी, चिकट थर बसतो आणि घासूनही निघत नाही, तो या डब्याने आमच्याकडे बसलेला नाही. तेलाला स्वतःचा वास जवळजवळ नाही, त्यामुळे घावनाला किंवा आंबोळीला परकी चव लागत नाही. शुद्ध केलेले ॲव्होकॅडो तेल चांगल्या तापलेल्या तव्यावरही लवकर धुरावत नाही. तुषार बारीक आणि सारखा पडतो. अप्प्यांच्या पात्राच्या प्रत्येक खळग्यात आणि ढोकळ्याच्या ताटलीच्या काठापर्यंत तेल पोहोचवण्याचे काम तो चमच्यापेक्षा निश्चितच नीट करतो. बिडाच्या तव्यावर मात्र थोडे तेल तव्याबाहेर उडते आणि शेगडीभोवती चिकटा धरतो. पेटत्या ज्योतीवर फवारा मारणे धोक्याचे असल्यामुळे तवा बाजूला घेऊन फवारणे आवश्यक आहे आणि घावनांच्या घाईत ती एक अडचणच होते.

लेबलवर एका ‘सर्व्हिंग’चे, म्हणजे एका वेळच्या मात्रेचे, माप पाव सेकंदाचा फवारा, म्हणजे ०.२५ ग्रॅम, असे दिले आहे आणि डब्यात अशा सुमारे ५३६ सर्व्हिंग आहेत असे म्हटले आहे. त्याखाली कॅलरी शून्य, एकूण फॅट शून्य, सॅच्युरेटेड फॅट शून्य. हे सगळे आकडे त्या पाव सेकंदापुरते आहेत. डब्यातले सर्व १३४ ग्रॅम हे तेलच आहे आणि कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममधून सुमारे ९ किलोकॅलरी (लेबलवर यांनाच ‘कॅलरी’ म्हणतात) मिळतात, त्यामुळे पूर्ण डब्यात सुमारे १२०० किलोकॅलरी आहेत. प्रौढ व्यक्तीची दिवसाची सर्वसाधारण गरज २००० किलोकॅलरी धरतात, तिच्या निम्म्याहून हा आकडा अधिक आहे. सॅच्युरेटेड फॅटही पूर्ण डब्यात पंधरा ग्रॅमच्या आसपास भरेल. तरीही ५३६ ला शून्याने गुणले तर उत्तर शून्य येते, आणि लेबलवरून हिशेब करणाऱ्याला तेच उत्तर मिळते.

हा शून्य येतो कोठून, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण तो कंपनीने मनाने छापलेला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे, म्हणजे एफडीएचे, आकडे राउंड ऑफ करण्याचे नियम ठरलेले आहेत. कॅलरी ५० पर्यंत असतील तर त्या जवळच्या ५ च्या पटीत आणि ५० च्या वर असतील तर जवळच्या १० च्या पटीत लिहायच्या. ५ पेक्षा कमी असतील तर शून्य लिहिण्याची मुभा. फॅट ५ ग्रॅमच्या खाली असेल तर जवळच्या अर्ध्या ग्रॅमपर्यंत, त्याहून जास्त असेल तर पूर्ण ग्रॅममध्ये. अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य. सोडियम ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य, १४० पर्यंत ५ च्या पटीत आणि पुढे १० च्या पटीत. पाव ग्रॅम तेलात सव्वादोन किलोकॅलरी असतात, ज्या पाचाच्या आत आहेत. आणि फॅट पाव ग्रॅम असते, जे अर्ध्या ग्रॅमच्या आत आहे. म्हणून दोन्ही ओळींत शून्य. सर्व्हिंगचे मापही कंपनीने शोधून काढलेले नाही. कोणत्या पदार्थाची एका वेळची मात्रा किती धरायची याचा एफडीएचाच तक्ता आहे आणि त्यात फवाऱ्याच्या तेलांसाठी ०.२५ ग्रॅम हेच माप दिलेले आहे. त्यामुळे या डब्याच्या उत्पादकाला खोटे बोलल्याचा दोष देता येणार नाही. दोष दोन नियमांच्या एकत्र येण्यात आहे: मात्रा इतकी लहान ठरवली गेली की तिच्यातला प्रत्येक आकडा शून्याच्या उंबऱ्याआत राहतो, आणि मग त्याच मात्रेवर राउंड ऑफचा नियम लावला गेला.

पाव सेकंदात कोणी तवा माखत नाही. आमच्या घरी प्रत्यक्षात किती तेल लागते हे पाहण्यासाठी डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. हा काटा एक ग्रॅमपेक्षा लहान फरक दाखवत नाही, त्यामुळे एका फवाऱ्याआधी आणि नंतर वजन केले तर कधी एक ग्रॅमचा फरक दिसतो, कधी काहीच दिसत नाही. म्हणजे या काट्याच्या मतेही काही फवारे शून्य वजनाचे ठरतात! म्हणून आठ घावनांचा पूर्ण घाणा काढण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा असे वजन केले. प्रत्येक घावनाला पीठ ओतण्याआधी एक आणि कडा सुटताना एक असा फवारा दिला होता. डबा ११ ग्रॅमने हलका झाला. याचा अर्थ सुमारे १०० किलोकॅलरी, आणि लेबलच्या हिशेबाने ४४ सर्व्हिंग. चारजण जेवणार असतील तर प्रत्येकी २५ किलोकॅलरी पडतात. ही मात्रा घाबरण्यासारखी मुळीच नाही, पण ती शून्यही नाही.

त्याच पिठाचे आणि तेवढेच घावन अर्ध्या कांद्याच्या फोडीने तेल लावून काढले, तेव्हा वाटीतले तेल १३ ग्रॅमने कमी झाले. चमच्याने तेल सोडले तेव्हा २२ ग्रॅम लागले. म्हणजे चमच्याच्या तुलनेत फवाऱ्याने निम्मे तेल वाचते, हे मान्य केलेच पाहिजे. कांद्याच्या फोडीच्या तुलनेत वाचते ते नगण्य आहे, आणि कांद्याने तव्याला जो वास येतो तो वेगळाच. ज्यांच्या घरी तवा कांद्याने किंवा नारळाच्या शेंडीने पुसून घेण्याची पद्धत अजून टिकून आहे, त्यांना केवळ तेल कमी लागावे म्हणून हा डबा विकत घेण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न एअर फ्रायरच्या वापरात उभा राहतो. सुरणाचे काप, भेंडी किंवा बटाट्याच्या फोडी यांवर लोक सढळ हाताने फवारतात, मध्येच उलटून पुन्हा फवारतात, कारण ‘हे शून्य कॅलरीचे आहे’ अशी खात्री डब्यानेच दिलेली असते. दोन्ही वेळा मिळून सहा सेकंद फवारले तर साधारण सहा ग्रॅम तेल पडते, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडे अधिक आणि पन्नासहून अधिक किलोकॅलरी. मोबाइलवरच्या आहारनोंदीच्या ॲपमध्ये डब्याचा बारकोड टिपला की तेथेही लेबलवरचाच शून्य उतरतो. वजन उतरवण्यासाठी दिवसाच्या कॅलरी मोजणाऱ्या माणसाच्या नोंदीत हे तेल कोठेच येत नाही, आणि तो मात्र प्रामाणिकपणे मोजत असतो. त्याचे हे कष्ट एका नियमामुळे वाया जाऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

याचा अर्थ आकडे राउंड ऑफ करणेच चुकीचे आहे असा नाही. शेंगदाण्याच्या एका पोत्यातले स्निग्धांश दुसऱ्या पोत्याइतकेच नसतात. भाताच्या वाणानुसार, जमिनीनुसार आणि पावसानुसार प्रथिने बदलतात. प्रयोगशाळेतल्या मोजणीतही थोडाफार फरक पडतो. हे ओळखूनच एफडीएने सवलत ठेवली आहे: अन्नात मुळातच असलेल्या जीवनसत्त्वांसारख्या पोषकांचे प्रमाण जाहीर आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, आणि कॅलरी, साखर, फॅट व सोडियम यांचे प्रमाण १२० टक्क्यांवर जाऊ नये. जेथे खुद्द आकड्यालाच इतका वाव आहे, तेथे ‘४८६.३७ किलोकॅलरी’ असे छापण्याने ग्राहकाला अधिक माहिती मिळत नाही. भारतातून येणाऱ्या फरसाणाच्या काही पाकिटांवर असे दोन दशांश स्थळांपर्यंतचे आकडे दिसतात, आणि ते मला शून्याइतकेच खटकतात. ‘४९०’ हा आकडा अधिक खरा आहे, कारण आपल्याला नेमके किती माहीत आहे तेवढेच तो सांगतो. मधुमेहासाठी कर्बोदके मोजणाऱ्यांनाही पूर्ण ग्रॅमच्या राउंड ऑफमुळे होणारा अर्ध्या ग्रॅमचा फरक जाणवणार नाही. पोळी थोडी जाड लाटली गेली तरी त्याहून अधिक फरक पडतो. प्रश्न उद्भवतो तो मात्रा अगदी लहान आणि प्रत्यक्ष वापर तिच्या कितीतरी पट असतो तेव्हाच.

तेल सोडून अन्यत्रही हेच घडते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टिक टॅकच्या एका गोळीचे वजन ०.४९ ग्रॅम आहे, एक गोळी हीच एक सर्व्हिंग आहे, आणि घटकांच्या यादीत साखर पहिली असूनही पोषणतक्त्यात साखर शून्य ग्रॅम आहे. गोळ्यांत साखर आहे आणि एका गोळीत ती अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असल्यामुळे तक्त्यात शून्य लिहिता येते, असा खुलासा कंपनीने स्वतःच दिलेला आहे. चहात घालण्याच्या कृत्रिम गोडव्याच्या एक ग्रॅमच्या पुड्यांतही बहुतांश भाग डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन यांसारख्या भरीच्या पदार्थाचा असतो. त्यात तीन-साडेतीन किलोकॅलरी असतात आणि पाचाच्या आत म्हणून त्याही शून्य. या दोन्ही गोष्टींनी कोणाचे फारसे बिघडत नाही, हेही खरे.

ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक ठरणारा फॅटचा प्रकार, याच्या बाबतीत मात्र बिघडत होते. अमेरिकेत जानेवारी २००६ पासून लेबलवर ट्रान्स फॅटची वेगळी ओळ सक्तीची झाली, पण एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तेथेही शून्यच लिहायचे होते. एका सर्व्हिंगमध्ये ०.४ ग्रॅम ट्रान्स फॅट असलेली बिस्किटे कोणी चार सर्व्हिंग खाल्ली, तर पोटात १.६ ग्रॅम जात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एकूण ऊर्जेच्या एक टक्क्याहून कमी, म्हणजे २००० किलोकॅलरींच्या आहारात सुमारे २.२ ग्रॅमच्या आत, ही दिवसाची मर्यादा आहे. शून्याच्या चार ओळी एकत्र येऊन त्या मर्यादेचा मोठा वाटा संपवत होत्या आणि हृदयविकाराच्या रुग्णाला ते लेबलवरून कळण्याचा मार्ग नव्हता. घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनीकृत तेल’ हे शब्द शोधणे एवढाच उपाय होता, कारण ट्रान्स फॅट मुख्यतः अशा तेलातून येत होते. एफडीएने जून २०१५ मध्ये अशी तेले सुरक्षित मानण्याचे थांबवले आणि उत्पादकांना जून २०१८ पर्यंत मुदत दिली, तेव्हा हा प्रश्न बऱ्याच अंशी मिटला. तो मिटला तेलच काढून टाकल्यामुळे. लेबलवरचा शून्याचा नियम आहे तसाच आहे.

भारतीय पाकिटे येथे नक्कीच उजवी ठरतात. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पोषणमूल्ये १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे, अथवा एका वेळी संपणाऱ्या पाकिटामागे, द्यावी लागतात आणि त्याशिवाय एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेच्या किती टक्के मिळते तेही द्यावे लागते. १०० ग्रॅमचा रकाना असला की राउंड ऑफ केल्याने काहीही लपत नाही. याच फवाऱ्याच्या डब्यावर तो रकाना असता, तर तेथे सुमारे ९०० किलोकॅलरी आणि १०० ग्रॅम फॅट असे लिहावे लागले असते आणि ग्राहकाला डब्यात काय आहे ते एका नजरेत कळले असते. युरोपीय संघातही १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे आकडे देणे सक्तीचे आहे. दाव्यांच्या बाबतीतही हाच फरक दिसतो. ‘शुगर फ्री’ म्हणण्यासाठी अर्ध्या ग्रॅमची मर्यादा दोन्ही देशांत आहे, परंतु अमेरिकेत ती एका सर्व्हिंगमागे आहे आणि भारतात १०० ग्रॅममागे. ‘ट्रान्स फॅट फ्री’साठी भारतात १०० ग्रॅममागे ०.२ ग्रॅमपेक्षा कमी अशी अट आहे. मर्यादा कितीची आहे यापेक्षा ती कशामागे लावली आहे, यावर तिचा कडकपणा ठरतो.

टक्क्यांची गोष्ट निराळी आहे आणि येथील मराठी घरांना ती रोज भेटते, कारण भारतातून आलेल्या चिवड्याच्या किंवा भाकरवडीच्या पाकिटावर मूळ छापील तक्त्यावर अमेरिकी तक्त्याचे चिकटपत्र लावलेले असते. दोन्ही तक्ते दिसत असतील तर टक्के जुळत नाहीत आणि कोणीतरी चूक केली असावी असे वाटते. समजा, ३० ग्रॅम चिवड्यात २२८ मिलिग्रॅम सोडियम आहे. भारतात दिवसाचे प्रमाण २००० मिलिग्रॅम धरलेले असल्यामुळे ते ११ टक्के होते. अमेरिकेत २२८ चे २३० होतात आणि दिवसाचे प्रमाण २३०० मिलिग्रॅम असल्यामुळे १० टक्के होतात. फॅटसाठी भारतात ६७ ग्रॅम आणि अमेरिकेत ७८ ग्रॅम हा आधार आहे, त्यामुळे तेथे फरक आणखी वाढतो. शिवाय अमेरिकेत टक्के काढताना राउंड ऑफ केलेला आकडा घ्यावा की मूळ आकडा घ्यावा, हे उत्पादकावर सोडलेले आहे. १.७४ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट लेबलवर १.५ ग्रॅम होते. त्यावरून टक्के काढले तर ८ येतात, मूळ आकड्यावरून काढले तर ९. दोन्ही नियमात बसतात. रक्तदाबासाठी मीठ मोजणाऱ्यांनी म्हणून टक्क्यांची तुलना करू नये, मिलिग्रॅमची करावी, आणि तीही दोन्ही पाकिटांवरची सर्व्हिंग सारख्या वजनाची आहे याची खात्री करूनच.

भारतीय तक्त्यालाही सुधारणेची गरज आहे. अक्षरे बारीक असतात, चकाकत्या वेष्टनावर ती वाचणे ज्येष्ठांना अवघड जाते. प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि सॅच्युरेटेड फॅट यांची माहिती ठळक व मोठ्या अक्षरांत देण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली, ती योग्यच आहे. तरीही आधाराचा रकाना कोणता असावा, या मूळ प्रश्नात भारतीय नियम बरोबर आहे, आणि अमेरिकी लेबलने तो रकाना स्वीकारावा असे मला वाटते. त्यासाठी राउंड ऑफचा एकही नियम बदलावा लागणार नाही.

आता पुन्हा डब्याकडे. अप्पे, ढोकळा, केक, एअर फ्रायर आणि नॉनस्टिक तवा यांसाठी तेल सारखे आणि कमी लागावे, एवढ्यासाठी ही वस्तू चांगली आहे आणि मी ती पाचपैकी साडेतीन गुणांची मानतो. लेबलसाठी गुण द्यायचे झाले, तर सर्व्हिंगचे वजन आणि डब्यातल्या सर्व्हिंगची संख्या स्पष्ट छापली आहे, म्हणून हिशेब करणाऱ्याला तो करता तरी येतो. तेवढ्यापुरते दोन गुण. फोडणीसाठी किंवा परतण्यासाठी हा डबा घेऊ नये, कारण तेवढ्या तेलासाठी बराच वेळ फवारत राहावे लागते आणि वजनाच्या मानाने तेल बाटलीपेक्षा पुष्कळच महाग पडते. त्याऐवजी काचेची पुन्हा भरता येणारी फवारणीची बाटली घेऊन तिच्यात घरचेच शेंगदाण्याचे तेल घालता येते, मात्र तिचा तुषार इतका बारीक नसतो आणि तिचे तोंड अधूनमधून गरम पाण्याने धुवावे लागते. ज्यांना आहारतज्ज्ञांनी तेल मोजून वापरायला सांगितले आहे, त्यांनी डब्याचा शून्य बाजूला ठेवून फवाऱ्याच्या एका सेकंदाला एक ग्रॅम तेल आणि ९ किलोकॅलरी असा हिशेब धरावा, आणि डबा नवा आणल्यावर एकदा आपल्या काट्यावर तो पडताळून पाहावा, कारण प्रत्येक कंपनीच्या तोटीचा वेग सारखा नसतो.